जिथे निर्णय होतात, तिथे आधार

पुण्याच्या सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार कॉटची खोली आहे. राज्यसेवेची तयारी करणारा, तेवीस वर्षांचा एक मुलगा तिथे राहतो. दर बुधवारी रात्री साडेनऊला तो गच्चीच्या जिन्यात येऊन बसतो, कानात इअरफोन घालतो आणि मोबाइलच्या पडद्यावरून माझ्याशी, त्याच्या समुपदेशकाशी, बोलतो. खोलीत बोलायची सोय नाही, कारण त्याला टाइप वन मधुमेह आहे हे उरलेल्या तिघांना माहीत नाही. त्याच्या परवानगीने मी हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

एका बुधवारी तो म्हणाला, "मॅडम, शनिवारी पेन टोचून बसलो आणि मेसचा डबाच आला नाही." जेवणाआधीचे इन्सुलिन शरीरात गेलेले आणि पोटात काहीच नाही. चाळीस मिनिटांत हात थरथरू लागले, घाम फुटला. कुणाला दिसू नये म्हणून तो न्हाणीघरात गेला. मीटरवर साखर 56 आली. ग्लुकोन-डीची पुडी तोंडात रिकामी केली, पण भीती जाईना, म्हणून बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. मग उशिरा डबा आला, तोही खाल्ला. रात्री एकला साखर 312. "मग मीटर बॅगेच्या तळाशी टाकला. आजपर्यंत काढला नाही."

डोस किती घ्यायचा, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळते. त्या रात्री माहितीची उणीव नव्हती. 312 हा आकडा ऐकून "असं कसं झालं?" असे न विचारता "मग रात्र कशी गेली?" असे विचारणारे माणूस जवळ नव्हते. डॉक्टर त्याला तीन महिन्यांतून एकदा, दहा-पंधरा मिनिटे भेटतात. मधुमेहाचे निर्णय मात्र मेसमध्ये, वसतिगृहात, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत आणि रात्री एकच्या अंधारात होतात. जिथे निर्णय होतात तिथे आधार पोचला पाहिजे, एवढी एकच गोष्ट हे पुस्तक सांगू पाहते. दूरस्थ मानसिक आधार म्हणजे व्हिडिओवरचे समुपदेशन, ऑनलाइन गट, मेसेजवरचा संवाद आणि हेल्पलाइन. असा आधार तिथे पोचू शकतो, म्हणून त्याचा गंभीरपणे अभ्यास व्हायला हवा.

या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. आपण मानसशास्त्राचे विद्यार्थी असाल, डॉक्टर किंवा परिचारिका असाल, समुपदेशक असाल, पालक असाल, किंवा स्वतःच रोज पेन टोचणारे असाल. पुढची प्रकरणे वाचण्यापूर्वी ही वाट कुठून आली ते थोडक्यात पाहू.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी टाइप वन मधुमेह म्हणजे बहुधा काही महिन्यांचे किंवा एक-दोन वर्षांचे आयुष्य. त्याच वर्षी इन्सुलिन मिळालेल्या मुलांत एलिझाबेथ ह्यूज होती. तिचे वडील त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. ती शिकली, तिने संसार केला, समाजकार्यात नाव मिळवले आणि 1981 पर्यंत जगली. पण आपला आजार तिने जवळजवळ साऱ्या जगापासून आयुष्यभर लपवला. औषधाने जीव वाचला, लपवण्याचे ओझे मात्र तिचे तिलाच वाहावे लागले. स्थळ येईल तेव्हा काय सांगायचे, या विचाराने झोप उडालेल्या मुली आजही आमच्याशी बोलतात, तेव्हा मला तिची आठवण येते.

1993 मध्ये अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. डीसीसीटी या नावाने तो ओळखला जातो. त्यात 13 ते 39 वयाच्या 1,441 जणांनी भाग घेतला होता. रक्तातील साखर काटेकोरपणे सांभाळली, तर डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतूंचे नुकसान बऱ्याच प्रमाणात टळते, हे या अभ्यासाने सिद्ध केले. आजची सारी उपचारपद्धती या निष्कर्षावर उभी आहे. पण काटेकोर सांभाळणे म्हणजे काय? दिवसातून तीन-चार किंवा जास्त वेळा इन्सुलिन, तितक्याच वेळा बोटाला टोचणे, प्रत्येक घासाचा हिशेब, आणि हे सारे सुट्टीविना. उपचाराचा मोठा भाग रुग्णालयातून उचलून माणसाच्या हातात दिला गेला. त्या हातांचे काय होते, हा प्रश्न आमच्या क्षेत्राचा उगम आहे.

1995 मध्ये विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस प्रश्नांची एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिचे नाव पेड. मधुमेहासोबत जगताना कशाचा त्रास होतो, हे ती माणसालाच विचारते. यातूनच इंग्रजीत 'डायबिटीस डिस्ट्रेस' ही संकल्पना रुजली. 2016 मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने मधुमेहींच्या मानसिक आणि सामाजिक काळजीबद्दल स्वतंत्र भूमिका जाहीर केली आणि मनाची विचारपूस हा नेहमीच्या उपचाराचाच भाग असावा, असे सांगितले.

मराठीत या संकल्पनेला काय म्हणावे यावर आम्ही बराच खल केला. 'मधुमेहजन्य मानसिक ताण' हा शब्द कागदावर ठीक दिसतो, पण जिन्यात बसलेल्या त्या मुलाच्या तोंडी तो येणार नाही. पुस्तकात आम्ही तीन शब्द वापरले आहेत. रोजच्या आजारपणाचा जो सततचा त्रास, तो 'जाच'. सासुरवासातला हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. जाच करणारा घरातलाच असतो, त्याच्यापासून सुटका नसते आणि बाहेर सांगायची चोरी असते. जाच सोसून सोसून माणूस मीटर, पेन, वही सारे बाजूला टाकतो, तेव्हाचा तो 'शीण'. आणि जीवनातली एकूण गोडीच जाते, झोप आणि भूक बदलते, काही करावेसे वाटत नाही, तेव्हाचे 'नैराश्य'.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याला प्रसंगी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे लागतात. जाच ही कठीण परिस्थितीला दिलेली समजण्याजोगी प्रतिक्रिया आहे. तो ऐकून घ्यावा लागतो आणि त्याचे कारण शोधून एकेक गाठ सोडवावी लागते. टाइप वन असलेल्या प्रौढांत कोणत्याही वेळी दहांपैकी सुमारे चारजण दखल घेण्याइतका जाच सोसत असतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसले आहे. त्यांतल्या अनेकांना नैराश्य नसते. त्यांना नैराश्याच्या गोळ्या देऊन भागत नाही आणि "आनंदी राहा" सांगून तर मुळीच भागत नाही.

तरुण वयाचा वेगळा विचार का करायचा? अठरा ते पंचवीस या वर्षांना जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने 2000 मध्ये 'उदयोन्मुख प्रौढत्व' म्हटले. पोरपण सरलेले असते आणि मोठेपण अजून हाती आलेले नसते. याच काळात मुले घर सोडतात. बालरोगतज्ज्ञांचा ओळखीचा दवाखाना सुटतो आणि नव्या डॉक्टरांकडे पहिल्यापासून सारे सांगावे लागते. आजवर आईने मोजलेला भात आता मेसमधला मुलगा वाढतो. प्रेम, नोकरी, वैद्यकीय तपासणीचा अर्ज, पहिली पार्टी, सारे एकाच वेळी समोर येते. नेमक्या याच वर्षांत तपासण्या चुकतात आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी वर जाते.

घरच्यांची काळजीही याच वयात टोचू लागते. बार्बरा अँडरसन आणि जेम्स कॉइन यांनी 1991 मध्ये दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा विचार करताना एक गोष्ट दाखवून दिली. चांगल्या हेतूने सुरू झालेली मदत हळूहळू भांडण होते. आम्ही तिला 'उलटलेली मदत' म्हणतो. रात्री फोनवर आईचा पहिला प्रश्न "जेवलास का?" नसतो, "किती आली?" असा असतो. मुलगा दोनदा खरे सांगतो, ओरडा खातो आणि तिसऱ्यांदा 140 सांगून मोकळा होतो. आई निश्चिंत होते आणि मुलगा आणखी एकटा पडतो. यात दोष कुणाचाच नाही. पण ही गाठ दोघांपैकी एकालाही एकट्याने सुटत नाही.

आता पुराव्यांकडे येऊ. अमेरिकेतील कोलोराडो येथील बार्बरा डेव्हिस सेंटरमध्ये जेनिफर रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोयोट-वन' नावाचा प्रयोग केला. 18 ते 25 वयाच्या तरुणांनी दर तीन महिन्यांनी दवाखान्यात येण्याऐवजी घरून व्हिडिओवर डॉक्टरांना भेटायचे आणि त्याच भेटीत समवयस्कांच्या गटात बोलायचे, अशी योजना होती. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा ही मुले अधिक नियमितपणे भेटीला आली, त्यांचा जाच कमी झाला आणि आपण हे निभावू शकतो हा विश्वास वाढला. पडद्यापलीकडचे दुसरे कुणीतरी "माझंही असंच होतं" म्हणते, त्याचे मोल तिथे नीट नोंदले गेले.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेला 'एम्बार्क' हा अभ्यास याच्या पुढे गेला. जाच असलेल्या 276 प्रौढांची तीन कार्यक्रमांत विभागणी केली गेली. एकात मधुमेह सांभाळण्याचे शिक्षण होते, दुसऱ्यात मधुमेहाविषयीच्या भावनांवर काम होते, तिसऱ्यात दोन्ही. सारे गट ऑनलाइन चालले. तिन्हींत जाच कमी झाला, साखरेची सरासरीही सुधारली. पण भावनांवर काम करणाऱ्या कार्यक्रमाचा फायदा सर्वांत सातत्याने दिसला. "आधी शुगर आटोक्यात आणा, मग मनाचं बघू" हा क्रम आपल्या दवाखान्यांत गृहीत धरलेला असतो. तो तपासून पाहायला हा अभ्यास सांगतो.

हे प्रयोग परदेशातले आहेत. आपल्याकडे ते जसेच्या तसे उचलून आणता येणार नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुलामुलींना टाइप वन मधुमेह आहे. हा जगातला सर्वांत मोठा आकडा आहे. ही मुले आता मोठी होत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने टाइप वनसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे 2022 मध्ये काढली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला केंद्र सरकारची टेली मानस सेवा सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक मराठीतही बोलतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल 2012 पासून फोनवर समुपदेशन करते. ठाण्याच्या आयपीएच संस्थेने 1990 पासून मनाच्या आरोग्याची भाषा मराठी घरात नेली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतल्या टाइप वन मुलांना इन्सुलिन पोचवण्याचे काम कित्येक वर्षे केले. मनाचा आधार आणि मधुमेहाचे ज्ञान दोन्ही आपल्याकडे आहेत, पण वेगवेगळ्या खोल्यांत. हेल्पलाइनवरच्या समुपदेशकाला बेसल (दिवसभराचे) आणि बोलस (जेवणाआधीचे) इन्सुलिन यांतला फरक सांगितलेला नसतो आणि मधुमेहतज्ज्ञाला बाहेर बसलेल्या तीस जणांमुळे मनाचे विचारायला उसंत नसते. मधली भिंत पाडण्याचे काम तुम्हा वाचकांकडून व्हावे, अशी आमची अपेक्षा आहे.

आपल्या मातीतला आणखी एक धडा नोंदवते. विदर्भातल्या एका मुलीशी व्हिडिओवर बोलताना मागे ओल्या वाळूत ठेवलेले मडके दिसले. घरात फ्रीज नाही, म्हणून इन्सुलिनची कुपी त्या मडक्यात. ती म्हणाली, "ताई, मला टेन्शन कसलं विचारता? शुगर तपासायच्या पट्ट्या आठवड्याला चारच परवडतात, त्या कधी वापरू याचंच टेन्शन." तिला श्वासाचे व्यायाम शिकवून मी काय साधणार होते? तेव्हापासून आमच्या पहिल्या भेटीत भावनांच्या आधी तीन प्रश्न येतात: इन्सुलिन किती दिवसांचे आहे, ते कुठे ठेवता, पट्ट्या आहेत का? टंचाईतून आलेल्या जाचावर पहिला उपाय पुरवठा हाच. समुपदेशकाला तो स्वतः करता येत नसेल, तर कोण करते हे त्याला ठाऊक हवे. आणि ती मुलगी बोलत होती वडिलांच्या फोनवरून, वडील शेतातून येईपर्यंतच. तिच्याकडे एकांत नव्हता, फक्त चाळीस मिनिटे होती.

म्हणूनच माध्यमाचा विचार माणसागणिक करावा लागतो. कुणाला व्हिडिओ सोयीचा, कुणाला नुसता आवाज. वसतिगृहातल्या मुलीला मेसेजवर लिहिणे बरे पडते. गट पाच-सातजणांचा असावा, असा आमचा अनुभव आहे. त्याहून मोठ्या गटात लाजाळू मूल शेवटपर्यंत कॅमेरा बंद ठेवून निघून जाते.

दूरवरून काम करताना पाळायच्या काही गोष्टी इथेच ठळकपणे सांगते. साखर 70 च्या खाली उतरली की छाती धडधडते, घाम येतो, चिडचिड होते, विचार तुटतात. चिंतेच्या झटक्यातही हेच होते. बोलता बोलता समोरचा एकाएकी चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर मानसशास्त्र बाजूला ठेवा आणि म्हणा, "आधी शुगर बघ." कमी असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा तपासणे. तोवर फोन ठेवायचा नाही. उलट्या होत असतील, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, साखर खूप चढलेली असेल, तर ते सत्र तिथेच थांबवून रुग्णालय गाठायला लावा. प्रत्येक सत्राच्या आरंभी तो आज कुठे बसला आहे आणि गरज पडली तर कुणाला फोन करायचा, हे लिहून घ्या. वजन घटवण्यासाठी इन्सुलिन टाळले जाते आहे का, जीव नकोसा वाटतो का, हे थेट आणि मायेने विचारा. विचारल्याने तसे विचार मनात पेरले जात नाहीत. उत्तर 'हो' असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि मधुमेहाचे डॉक्टर दोघांना सोबत घ्या.

गोपनीयतेचा प्रश्न या आजारात वेगळा आहे. दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेची रेघ मोबाइलवर पाठवतो, आणि तीच रेघ नाशिकमधल्या बाबांच्या फोनवरही उमटते. वीस वर्षांच्या मुलीने रात्री दोनला आइस्क्रीम खाल्ले, हे बाबांना सकाळी कळावे का? 2017 चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माहितीवर संमतीची मोहोर मागतो. पण घरातल्या संमतीची बोलणी कायदा करून देत नाही. कोणती रेघ कुणी पाहायची, कधी फोन करायचा, कधी करायचा नाही, हे मुलगी आणि बाबांनी समुपदेशकासमोर बसून ठरवणे, हीही उपचाराचीच पायरी आहे.

पुस्तकाचा पहिला भाग जाच, शीण आणि नैराश्य यांच्या ओळखीचा आहे. दुसरा वैयक्तिक आणि गटातील ऑनलाइन कामाच्या पद्धतींचा, तिसरा कुटुंबाचा आणि चौथा नीती, कायदा आणि प्रशिक्षणाचा. क्रमाने वाचलेच पाहिजे असे नाही. पालकांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. टाइप वनसोबत जगणाऱ्या वाचकाने वाटेल ते पान उघडावे आणि आमचे चुकते आहे असे वाटले तर कळवावे. प्रत्येक प्रकरण छापण्यापूर्वी आम्ही टाइप वन असलेल्या तरुणांकडून वाचून घेतले. 'रुग्ण', 'कंट्रोल बिघडला', 'पथ्य मोडले' असे शब्द त्यांनी लाल शाईने खोडले. आम्ही ते खोडलेलेच ठेवले.

करण्याजोगे काम पुष्कळ आहे. जाच मोजणारे प्रश्न मराठीत, आणि वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्यालाही आपले वाटतील असे, घडवायचे आहेत. समवयस्क साथीदारांना काय आणि किती शिकवायचे, त्यांचाच शीण कोण पाहणार, हे ठरवायचे आहे. गटातून मध्येच गळणारी मुले का गळतात, हे त्यांनाच विचारायचे आहे. उपवास, हळदीकुंकू, रात्रपाळी, भरतीसाठीची धावपळ अशा आपल्या जगण्यातल्या जागा संशोधनाच्या वहीत यायच्या आहेत. त्यासाठी नव्या हातांची गरज आहे.

शेवटी पुन्हा त्या जिन्यात. तो मीटर बॅगेच्या तळातून बाहेर यायला दोन बुधवार लागले. आकडा चांगला की वाईट हे न ठरवता नुसता वाचून दाखवायला आणखी तीन. पुढचे कित्येक बुधवार आम्ही एकाच वाक्यावर घालवले: खोलीतल्या कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचे? अकराव्या बुधवारी तो आला तो हसतच. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला त्याने सांगितले होते. मित्राने फारसे काही विचारले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून तो अभ्यासिकेतून आधी खोलीवर आला की एक मेसेज टाकू लागला. मुलाने पडद्यावरच मला तो मेसेज दाखवला. त्यात दोनच शब्द होते: "डबा आलाय."

आता टोचायला हरकत नव्हती.